हाताची सावड

८ एप्रिल

पॉवर हाउसात असताना पाळी संपली की रजिस्टरमध्ये नोंद करायचो. पाण्याची पातळी, कोणतं मशीन चालू, कोणतं बंद, आणि शेवटी 'विशेष काही नाही'. रिटायर झाल्यापासून हाताला चुकल्यासारखं होतं, म्हणून ही डायरी.

आज सुंदराला घेऊन पनवेलला गेलो. श्रद्धानं, म्हणजे तिथंच राहणाऱ्या आमच्या मुलीनं, डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती. फोटो बघून डॉक्टर म्हणाले, दोन्ही गुडघ्यांची गादी झिजली आहे, उजव्याची तर उरलेलीच नाही. ऑपरेशन करा. तोवर उकिडवं बसायचं नाही, ओझं उचलायचं नाही आणि चिखलात पाय घालायचा नाही.

सुंदरानं विचारलं, "म्हंजे यंदा लावनी नाय?"

डॉक्टर म्हणाले, "मावशी, आता सुनेला करू दे लावणी." आम्हाला सून नाही, पण ते त्यांना काय माहीत. जुलैच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिली.

येताना टेंपोत कडाव जवळ आलं तेव्हा ती बाहेर बघत म्हणाली, "र्‍हाऊ द्या आता ते श्यात."

बैल दिवाळीत विकले. नांगर धरणारा माझा भाऊही गेला. पण तिनं तोंडानं असं म्हणावं याचं वाईट वाटलं. मी पाळीवर असायचो, पावसाळ्यात रजा मिळायची नाही. आमची भाताची खाचरं तिनंच सांभाळली. तिला आतून किती लागलं असेल.

१९ एप्रिल

हिरूशी बोललो. हिरू शेजारचा, आम्ही एका वर्गात होतो. भाड्याचा मोठा ट्रॅक्टर आमच्या खाचरात वळत नाही, बांध फोडतो, आणि रस्त्याकडची शेतं उरकल्याशिवाय आत येत नाही. हातात धरून चालवायचा टिलर माझ्या खांद्याला झेपणार नाही. हिरू म्हणाला, खालापूरच्या बाजूला एका बंद बंगल्याच्या बागेत छोटा ट्रॅक्टर पडून आहे. शेटच्या पोरांनी बंगला काढला आहे विकायला. आतलं सगळं भंगारात जाणार.

सुंदराला अजून सांगितलेलं नाही. चालू करूनच दाखवीन.

२ मे

ट्रॅक्टर आणला. आज अंग फार दुखतं आहे.

बागेच्या मागं जांभळाखाली उभा होता. खाटेएवढा लांब, लाल रंग कुठं कुठं शिल्लक. सीटमधून एक रोप वर आलेलं, चाकं अर्धी मातीत. हिरू चारी बाजूंनी फिरून म्हणाला, "नामा, हा ट्रॅक्टर नाय रं. कुंडी हाय."

रखवालदार पोशा तिथं फार वर्षांपासून आहे. भंगाराच्या भावात दे म्हटलं, तर म्हणाला, वजनच कोण करतंय, न्या. आम्ही तिघांनी कुदळीनं चाकं मोकळी केली आणि फळ्या लावून टेंपोत चढवला. निघताना पोशानं एक गोष्ट सांगितली. ट्रॅक्टरला दोन टाक्या आहेत, एक लहान, एक मोठी. शेटचा माणूस बंद करायच्या आधी खालची चावी फिरवायचा, थोडा वेळ थांबायचा, मग बंद करायचा.

"कशाला?"

"ते नाय म्हाईत. म्हनायचा, ह्याला सांगून बंद करायला लागतं. नायतर रुसतो."

घरी आणला तेव्हा सुंदरा पडवीत खुर्चीवर बसली होती. खांबाला धरून उठली, जवळ येऊन बघितलं. म्हणाली, "ह्यो कशाला?"

"चिखलणीला."

"कुनाच्या?"

"आपल्याच की."

ती परत खुर्चीकडं गेली. तिला पटत नसावं की हे धूड चालू होईल.

४ मे

इंजिन जाम आहे. हँडल घालून मी आणि हिरू दोघं लोंबकळलो, तसूभर हललं नाही. प्लग काढून आत डिझेल ओतून ठेवलं. आता वाट बघायची.

राबाची जागा बघायला गेलो. भाजलेलीच नाही. दरवर्षी सुंदरा पालापाचोळा, शेण अंथरून एप्रिलमध्ये राब भाजते, त्यावर भाताचं बी पेरते. गुडघ्यांच्या नादात विसरली असेल. मी आणि हिरूनं मिळून भाजला. वारा फिरला आणि अर्ध्या कुंपणानं पेट घेतला. सुंदरा पडवीतून बघत होती.

१३ मे

रोज सकाळी हँडल, रोज तेच. सिलेंडरमध्ये तेल घालत होतो तेव्हा सुंदरा चहा घेऊन आली.

"सांध्यात त्याल घालून सुटतं व्हय?"

"सुटतं. धीर धरायला लागतो."

"मंग माज्या गुडघ्यात बी घाला थोडं."

बऱ्याच दिवसांनी थट्टा केली तिनं. बरं वाटलं. ट्रॅक्टरनं घरात थोडा जीव आला आहे.

२१ मे

इंजिन फिरलं. आधी केसभर, मग पाव फेरा, मग पूर्ण. आतून उंदराच्या घरट्याचा वास आला. मी पायरीवर बसून राहिलो, उठवेना. आनंद झाला असं म्हणावं तर तेवढी ताकद उरली नव्हती.

मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी पाडणारा डबा, मेला आहे. घेऊन कुंभिवलीला गेलो. हायवेला जितेशचं गॅरेज आहे, ट्रक आणि कंटेनरचं काम करतो. म्हणाला, "काका, ह्याची कॉइल भरणारा आता कुणी नाही. मी बघतो, पण शब्द देत नाही." चिखलासाठी लोखंडी चाकं मात्र करून देतो म्हणाला.

३० मे

कॉइल भरून मिळाली. ट्रॅक्टर चालू झाला.

थंड असताना पेट्रोलवर चालू होतो. गरम झाला की चावी फिरवून रॉकेलवर घ्यायचा. रॉकेल हिरूच्या माळ्यावर रेशनच्या काळातलं निघालं, बाकीचं बाहेरून आणलं. आवाज असा की शेजारची कोंबडी दोन दिवस घरात येणार नाही असं हिरूची बायको म्हणाली. मी अंगणात चार फेऱ्या मारल्या. सुंदरानं खिडकीतून बघितलं.

३१ मे

सकाळी चालू होईना. हँडल मारून हाताला फोड आले. दुपारी पोशाचं बोलणं आठवलं. काल रॉकेलवर असतानाच बंद केला होता. कार्ब्युरेटरमध्ये रॉकेल राहिलं आणि थंड इंजिनात ते पेटत नाही. खालचा स्क्रू काढून सगळं सांडलं, पेट्रोल भरलं, तेव्हा कुठं चालू झाला. म्हणजे बंद करायच्या आधी पेट्रोलवर आणून थोडा चालवायचा, मग बंद. उद्याची सोय आजच करून ठेवायची.

सुंदराला समजावून सांगितलं. म्हणाली, "बरं हाय त्याचं. सांगून बंद करतात त्याला."

तिला यंत्रातलं लवकर कळतं. शिकली असती तर पॉवर हाउसात लागली असती.

९ जून

बी पेरलं. सुंदरानं सांगितलं तसं मी फेकलं. कुठं दाट पडलं, कुठं विरळ. ती बांधावर उभी होती. घरी परत येताना मध्ये दोनदा थांबली. मी म्हटलं, खुर्ची घेऊन येत जाऊ उद्यापासून. म्हणाली, "खुर्ची श्यातात?" आणि हसली.

१५ जून

आज मोठं काम झालं. हिरूच्या ओट्यावर आम्ही सगळे बसलो होतो. पावसात जाता येईना, म्हणून चहा दोनदा झाला. मी विषय काढला. आमच्या आळीत अजून सावडीनं लावणी होते. तुमच्या शेतात आमचे हात, आमच्या शेतात तुमचे. पूर्वी ज्याच्याकडं बैल असत तो दुसऱ्याचं औत धरून देई, त्याचीही फेड धरत. मी म्हटलं, तसंच करू. मी ट्रॅक्टरनं सगळ्यांची आतली खाचरं चिखलून देतो, तुमच्या बाया आमची लावणी करून देतील. फिटंफाट.

सगळे हो म्हणाले. हिरू म्हणाला, "नामा रिटायर झाला नि भाऊबंदांचा बैल झाला."

घरी येऊन सुंदराला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"कुनी ठरवलं?"

"आम्ही सगळ्यांनी. तुला नुसतं बांधावर बसून बघायचंय."

"बायांना इचारलं?"

"त्यांना घरचे सांगतील की."

तिनं सूप खाली ठेवलं, बराच वेळ गुडघ्यावर हात ठेवून बसली आणि मग पुन्हा निवडायला लागली. वाटलं, आता तरी तिची काळजी मिटली.

१८ जून

सुंदरा म्हणाली, दवाखान्याची तारीख पुढं गेली, दिवाळीनंतर. मी म्हटलं, चला, बरंच झालं. लावणी डोळ्यांदेखत होऊन जाईल.

दुपारी श्रद्धाचा फोन आला. "बाबा, आईनं तारीख का बदलली?"

"आईनं नाही, दवाखान्यानं बदलली."

"बरं," म्हणाली आणि ठेवून दिला. कामावर काही बिनसलं असावं. आवाज चांगला नव्हता.

३ जुलै

आपली चिखलणी पूर्ण. लोखंडी चाकं उत्तम चालतात. कोपऱ्यात सांगावं तशी वळतात. पाठ मात्र सीटवर आपटून आपटून सोलली आहे. रात्री कुशीवर झोपतो. या वयात हे कशाला, असं एकदा मनात आलं. पण सुंदरासाठी करतो आहे म्हटल्यावर तक्रार कुणाकडं करणार.

बंद करण्याआधी न चुकता पेट्रोलवर आणतो. आता सवय झाली.

५ जुलै

लावणी झाली. सकाळी बाया आल्या, इरली, प्लास्टिकचे कागद डोक्यावर घेऊन. अंबाबाई पुढं. ती सगळ्यांत मोठी, ओळ तीच धरते. मी आणि हिरू राबातून रोपं उपटून मुठी बांधत होतो आणि खाचरात फेकत होतो. सुंदरा उतरायला निघाली तशी अंबाबाई ओरडली, "तू वर बस गं. तुझं पाय बघ, दुध्या झाल्यात." सगळ्या हसल्या. सुंदरा बांधावर बसली, पण बसल्या बसल्या मुठी सोडून देत होती.

एकीनं मला विचारलं, "काय वो नामाभाऊजी, तुमचा तांबडा बैल दूध देतो का?"

संध्याकाळी पाटावर पाय धुताना अंबाबाई सुंदराला म्हणाली, "परवा आमच्याकडं हाय बरं का."

सुंदरा म्हणाली, "हां."

मीही ऐकलं. परवा अंबाबाईकडं ट्रॅक्टर न्यायचा. रॉकेल भरून ठेवलं.

सुंदरानं रात्री गुडघ्यांना तेल लावलं. दिवसभर नुसतं बसूनही सुजले. हवा दमट आहे.

७ जुलै

हे दुसऱ्या दिवशी लिहितो आहे, काल बोटं वळत नव्हती.

सकाळी मी लवकर निघालो. सुंदरा म्हणाली, तुम्ही व्हा पुढं, मी हिरूच्या घरी बसते. अंबाबाईचं खाचर मोठं आहे. खालचा अर्धा भाग तिच्या पोरानं आधीच चिखलून ठेवला होता, तिथं बायांनी लावायला सुरुवात केली होती. मी वरच्या टोकाला ट्रॅक्टर घातला. पाऊस बारीक होता. पाठमोऱ्या, वाकलेल्या बाया, सगळ्यांच्या डोक्यावर निळा नाहीतर पिवळा कागद. कोण कोणती ते कळत नव्हतं.

वरचा भाग चिखलून होत आला, मधल्या बाजूला शेवटचं वळण घेतलं तेव्हा ओळीच्या शेवटच्या बाईकडं लक्ष गेलं. बाकीच्या वाकून मागं सरकत होत्या. ही एक पाय सरळ ताठ ठेवून, दुसरा गुडघा चिखलात टेकून लावत होती. पुढच्या पावलाला हातानं मांडी उचलून पाय मागं घ्यायची. गुडघ्याला आमच्या जुन्या चादरीची पट्टी बांधलेली होती. चादर मी ओळखली.

मी ट्रॅक्टर तिथंच बंद केला. चावी फिरवायची राहिली.

आवाज थांबला तशा सगळ्या सरळ झाल्या. ती झाली नाही. हातातली मूठ संपवत होती.

"सुंदरा, तू इथं काय करतेस?"

"लावते." मान वर केली नाही.

"अगं, मी ट्रॅक्टर दिलाय. फिटलंय सगळं."

उत्तर अंबाबाईनं दिलं. "भाऊजी, आमी तिला नको म्हनलं. घरी येऊन सांगितलं. ऐकंना. म्हनली, फेड र्‍हायली तर कुनाच्या तोंडाकडं बघू."

"कसली फेड? ठरलं होतं."

"कुनाशी?"

मी नावं सांगितली, सगळी गड्यांची. ती नावं ऐकून एक-दोघी हसल्या.

अंबाबाई म्हणाली, "ट्रॅक्टर आला तो बैलांच्या जागी. बैलाची सावड गड्यांची, ती तुमी अन् आमचं घरवालं बघून घ्या. लावायची सावड बायांची. आमी तुमच्या श्यातात वाकलो, ते कोन फेडनार, बैल? हाताची सावड हातानंच फिटते, भाऊजी. माज्या सासूपासून असंच हाय. हिला म्हाईत हाय की."

हिला माहीत होतं. पंधरा जूनला, सूप खाली ठेवलं तेव्हापासून.

मी विचारलं, "हिचेच हात पाहिजेत का?"

"घरातलं कुनाचं बी चालतंय. पन तुमच्या घरात दुसरं हाय कोन?"

मी सीटवरून उतरलो. बूट चिखलात अडकला, तो तसाच राहू दिला. सुंदराच्या काखेत हात घालून तिला उठवायला गेलो तर मीच घसरलो, आणि मग हसण्याची जी लाट आली ती थांबेना. दोघींनी मिळून आधी मला उभं केलं, नंतर तिला. तिला बांधापर्यंत नेलं. मी तिच्या जागी उभा राहिलो.

"नामाभाऊजी, कमरेत वाकतं का?"

"पदर घ्यायला लागंल आता."

"गप बसा गं," अंबाबाई म्हणाली. "ओळ मोडंल त्यांची."

मोडलीच. माझी रोपं तरंगून वर यायची. बाया मागं सरकत पुढं निघून जायच्या आणि मी एकटाच मागं राहायचो. बांधावरून सुंदराचा आवाज आला, "मुळं बोटांनी दाबा. अंगठ्यानं नका. अन् इतकं खोल कशाला, पुरताय का त्याला?"

तेवढंच बोलली दिवसभरात.

संध्याकाळी कंबर सरळ होईना. उतरल्यापासून ट्रॅक्टरकडं बघितलंही नव्हतं. बघितलं तेव्हा तो थंड झाला होता. हँडल दोनदा मारलं. अर्थातच नाही.

अंबाबाई म्हणाली, "त्याच्याभवतीनं लावून घेतलंय आमी. आता हलवू नका. रोप तुडवंल."

घरी येताना सुंदरा माझ्या खांद्याला धरून चालत होती, म्हणजे मी तिला धरून चालत होतो, नक्की सांगता येत नाही. मी म्हटलं, "मला सांगायचं होतंस."

ती म्हणाली, "टेंपोत सांगितलं हुतं, पनवेलवरनं येताना."

मी आठवत राहिलो. घर येईपर्यंत आठवलं.

८ जुलै

सकाळी श्रद्धाला मी फोन केला. तारीख कुणी बदलली ते तिला सांगायची गरज पडली नाही, तिला ठाऊक होतं. म्हणाली, दवाखान्यात लवकरची तारीख विचारून बघते.

दुपारी हिरूच्या शेतात लावणी. गेलो.

१४ जुलै

तारीख मिळाली, महिनाअखेर. रोज कुणाकडं तरी लावायला जातो. ट्रॅक्टर अडकल्यापासून चिखलणी ज्याची तो भाड्याच्या टिलरनं उरकतो. बोटांच्या टोकांची कातडी पांढरी होऊन सुटते आहे, पेन घसरतं. मला ओळीच्या मधोमध उभं करतात, दोन्ही बाजूंनी सावरता यावं म्हणून. गाणं सुरू झालं की मला गप्प राहायला सांगतात. गड्यांच्या आवाजानं लय बिघडते म्हणे.

हिरू बांधावरून विचारतो, "नामा, लुगडं कुठनं आणलं?" त्याला म्हटलं, तू उतर. तो उतरला नाही.

२४ जुलै

शेवटचं घर झालं. अंबाबाई म्हणाली, "फिटलं हां, सुंदरे." सुंदरा बांधावर खुर्चीत बसली होती. खुर्ची मी आणली होती. ती म्हणाली, "आमच्या ह्यांनी वाकडं लावलंय, तेवढं पदरात घ्या."

येताना अंबाबाईच्या खाचरापाशी थांबलो. ट्रॅक्टर तिथंच आहे. चारी बाजूंनी हिरवं, मध्ये लाल, सीटवर बगळा. कार्ब्युरेटर रिकामा केला की चालू होईल. पण बाहेर काढायचा तर भात तुडवायला लागेल.

३० जुलै, पनवेल

ऑपरेशन झालं. उजवा पाय. डावा पुढच्या वर्षी बघू म्हणाले. श्रद्धा घरी जेवायला गेली आहे, मी पलंगाशेजारी आहे.

सुंदरा दुपारी शुद्धीवर आली. पाणी मागितलं. मग म्हणाली,

"ट्रॅक्टर काढला का वो?"

"नाही. कापणी झाली की काढू. पुढच्या साली मी लवकर..."

"र्‍हाऊ द्या आता," ती म्हणाली.

बरं, म्हटलं.

विशेष काही नाही.